पीटीच्या तासाला दप्तरं राखायला बसवू नका: तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लहान मुलांच्या शारीरिक शिक्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विशेष शाळेत तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा खेळाचा तास मी घेते. माझ्या वर्गातली बरीच मुलं बोलत नाहीत. काहींना स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, काही अजून धरल्याशिवाय उभी राहत नाहीत. त्यांचे आईवडील, अंगणवाडीताई आणि जिल्हा परिषद शाळांतले गुरुजी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत, आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत.

अनुकूलित शारीरिक शिक्षण म्हणजे नेमकं काय?

तयार सदरा पोराच्या अंगाला बसला नाही तर आपण शिंप्याकडे जातो आणि बाही आखूड करून आणतो. खेळाचंही तसंच करायचं. चेंडू जड वाटतोय, हलका घ्या. फार वेगात येतोय, निम्मी हवा काढा म्हणजे तो सावकाश घरंगळेल. दहा फुटांवरून जमत नाही, दोन फुटांवर या. नियम तीन आहेत, एकच ठेवा. सूचना लांबलचक आहे, एका शब्दावर आणा. एवढं करूनही जमत नसेल तर मदत वाढवा आणि जमायला लागलं की ती हळूहळू काढून घ्या.

पण हे नुसतं मुलांना रमवणं नाही, हा शिकवण्याचा विषय आहे. आज काय शिकवायचं हे आधी ठरवावं लागतं आणि काय जमलं ते लिहून ठेवावं लागतं. अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, त्यात ‘विशेष शिक्षण’ या शब्दाच्या व्याख्येतच शारीरिक शिक्षण घातलं होतं. आपल्याकडे मात्र आजही हा तास बऱ्याच ठिकाणी ‘वेळ उरला तर’ या सदरात मोडतो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गतिमंद म्हणायचं, मतिमंद, की दिव्यांग?

कायद्यातला शब्द ‘बौद्धिक अक्षमता’. ‘मतिमंद’ आता सोडून द्या, मोठं झालेलं मूल तो शब्द ऐकतं आणि त्याला तो कळतो. मैदानावर मात्र यातलं काहीच लागत नाही, नावाने हाक मारा.

फिजिओथेरपी चालू आहे. मग हे वेगळं कशाला?

फिजिओ स्नायू आणि सांधे बघतात, ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हाताची कामं आणि संवेदना बघतात. दोन्ही हवंच, त्याला पर्याय नाही. खेळाचा तास त्यांनी कमावलेली ताकद वापरायला शिकवतो, तीही दुसऱ्या मुलांबरोबर. फिजिओंनी सहा महिने खपून मुलाला बसवलं, तर आता बसून करायचं काय? चेंडू ढकलायचा, समोरच्याकडे बघायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. थेरपीला मूल एकटं असतं. खेळाला किमान दोघं लागतात, आणि माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आयुष्यात दुसरं मूल फक्त याच तासाला येतं.

फिजिओंना एकदा शाळेत बोलवा, नाहीतर आईच्या फोनवर त्यांच्याशी बोला. कोणत्या बाजूला झोपवायचं, काय अजिबात करायचं नाही, हे त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय मी नव्या मुलाला गादीवर घेत नाही.

इतकी अडचण असताना खेळ कशाला? आधी जेवण आणि शी-शू शिकू दे की.

हा प्रश्न मुलांच्या आया विचारतात आणि तो रागावून उडवून लावण्यासारखा नाही. दिवसाला चार वेळा कपडे बदलणाऱ्या बाईला चेंडूचं कौतुक कसं वाटावं?

पण नीट बघा. भारतीय संडासात बसायचं तर उकिडवं बसता आलं पाहिजे. ती ताकद आणि तो तोल आम्ही ‘बेडूक झालो’ म्हणत कमावतो. पेला तोंडापर्यंत नेऊन परत ठेवायचा म्हणजे धरायचं, न्यायचं आणि सोडायचं, आणि चेंडू टाकतानाही हेच तीन टप्पे असतात. सदऱ्याच्या बाहीत हात घालणं आणि रिंगणातून हात पलीकडे काढणं, दोन्हींत अंगाला एकच गोष्ट कळावी लागते: माझा हात आता दिसत नाही, तरी तो आहे आणि तो पुढे न्यायचाय. यातल्या बऱ्याच मुलांना बद्धकोष्ठता असते, हालचाल वाढली की पोट सुधारतं. रात्रीची झोपही सुधारते आणि त्या रात्री आईलाही थोडं पडायला मिळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी शिफारस केली. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी. पुढच्याच वर्षी ५ ते १७ वयोगटातल्या दिव्यांग मुलांसाठीही रोज सरासरी ६० मिनिटं सांगितली. आमची कित्येक मुलं दिवसाचे दहा तास खुर्चीत किंवा गादीवर असतात, तेव्हा आमच्यासाठी हा आकडा लांबचा आहे. म्हणून मी पाच-पाच मिनिटांनी सुरुवात करायला सांगते.

किती लवकर सुरू करावं?

मान धरायच्या आधीपासून. पोटावर झोपवून समोर खुळखुळा वाजवणं हाच पहिला तास.

लवकर सुरू करण्याने काय होतं याचं एक उदाहरण मी पालकांना नेहमी सांगते. अमेरिकेत डेल उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली डाऊन सिंड्रोम (एक जन्मजात अवस्था, यात मूल चालायला उशिरा लागतं) असलेल्या ३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या बाळांच्या आईवडिलांनी त्यांना घरीच एका छोट्या, संथ ट्रेडमिलवर धरून पावलं टाकायला लावली, दिवसाला आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. ती बाळं बाकीच्यांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी आपापली चालायला लागली. आपल्याकडे तो ट्रेडमिल नाही, पण रोज आणि थोडं थोडं करणं कुणाच्याही घरी जमतं.

शंका आली की अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज वाटल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. ‘होईल पोरगं शहाणं, याचे काका पण उशिरा बोलले’ असं म्हणत घालवलेली दोन वर्षं मात्र परत येत नाहीत.

याला सूचनाच कळत नाहीत. मग शिकवायचं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, बोलणं कमी करा. ‘चल बाळा, आता आपण किनई चेंडू समोरच्या दादाकडे टाकूया हं’ या वाक्यातून आमच्या मुलापर्यंत फक्त सूर पोचतो. चेंडू डोळ्यांसमोर धरा, त्याच्या हाताला लावा आणि एकच शब्द म्हणा, ‘टाक’. रोज तोच शब्द. आज ‘टाक’, उद्या ‘फेक’, परवा ‘दे’ म्हणालात तर त्याच्यासाठी ते तीन वेगळे खेळ होतात.

दुसरी गोष्ट, थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपण दोनावरच अधीर होतो, मग त्याचा हात धरून आपणच चेंडू टाकतो आणि टाळ्याही आपणच वाजवतो. त्या टाळ्या कुणासाठी असतात? मुलाच्या मेंदूत सूचना पोचायची असते, तिचा अर्थ लागायचा असतो, मग हाताला निरोप जायचा असतो. आपण मध्ये पडलो की तो निरोप वाटेतच राहतो, आणि मूल एवढंच शिकतं की गप्प बसलं की मोठी माणसं करून देतात.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सहा वर्षांची मुलगी, अंगात ताकद कमी, सतरंजीवर भिंतीला लोड लावून बसवलेली. मांडीवर घुंगरू शिवलेला चिंध्यांचा चेंडू, त्यावर तिचे दोन्ही तळवे. समोर वीतभर अंतरावर पत्र्याचं ताट. मी ‘ढकल’ म्हटलं आणि मोजायला लागले. सातला तिने ताटाकडे पाहिलं. दहाला डोळे परत खिडकीकडे. माझा हात पुढे जायला निघाला होता, तो मी मांडीखाली दाबून धरला. चौदाला उजव्या हाताची करंगळी हलली, मग मनगट, आणि चेंडू घरंगळत ताटावर आपटला. घुंगरांचा आणि ताटाचा आवाज एकदम झाला. ती दचकली आणि मग हसली. दारात तिची आई डबा घेऊन उभी होती, ती एवढंच म्हणाली, “बाई, परत करा.” त्या दिवशी आम्ही ते अकरा वेळा केलं.

तिसरी गोष्ट, मदत लागलीच तर कमीत कमी मदतीपासून चढत जा. आधी बोट दाखवा, मग करून दाखवा, मग कोपराला हलका स्पर्श, आणि सगळ्यात शेवटी हात धरा. हात धरायचाच झाला तर त्याच्या हातावर आपला हात दाबू नका, आपला तळवा त्याच्या हाताखाली ठेवा. त्याला नको असेल तेव्हा हात काढून घेता आला पाहिजे. बोलू न शकणाऱ्या मुलाचं ‘नको’ हे असंच असतं.

चौथी गोष्ट, काम तोडून शिकवा, आणि जमलं तर शेवटाकडून. बादलीत चेंडू टाकायचाय? आधी चेंडू बादलीच्या काठावर नेऊन ठेवा, त्याने फक्त सोडायचं. ते पक्कं झालं की काठाच्या वीतभर अलीकडे, मग मांडीवरून. अशाने प्रत्येक वेळी चेंडू बादलीत पडतो आणि शेवटचं काम त्याने स्वतः केलेलं असतं.

तास किती वेळाचा आणि कसा आखायचा?

लहान गटासाठी २० ते २५ मिनिटं पुरतात. सुरुवात आणि शेवट रोज एकसारखे ठेवा. आमच्याकडे तास सुरू होताना प्रत्येकाच्या हातात घुंगरांचा चेंडू दिला जातो. वेळापत्रक वाचता न येणाऱ्या मुलाला त्या स्पर्शावरून कळतं की आता खेळ आहे. काही मुलं चेंडू हाताला लागला की खुर्चीचा पट्टा ओढायला लागतात. शेवटी गोधडीवर उताणं पडून पोटावर हात. मधल्या वेळात दोनच गोष्टी, एक येणारी आणि एक नवी.

सहा मुलांना दोन मोठी माणसं हवीत. ताई कमी पडत असतील तर पालकांना पाळीपाळीने बोलवा. मात्र आईला स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या मुलाबरोबर बसवा. दोघांनाही ते बरं पडतं.

साहित्याला पैसे नाहीत. काय करायचं?

मैदानावरचं निम्मं साहित्य माझ्या घरातून आलं आहे. जुनी सुती साडी आडवी धरून मध्ये हलका चेंडू ठेवायचा आणि सगळ्यांनी काठ धरून हलवायची. गादीवर पडून असलेलं मूलही एका बोटाला काठ गुंडाळून यात भाग घेतं. पीव्हीसी पाइप उभा चिरला की चेंडू सोडायची घसरगुंडी झाली. सायकलचा जुना टायर, पोतं, पाण्याच्या बाटल्यांत घातलेले हरभरे, रिकामी खोकी, परात. रंगीत चिकटपट्टीने जमिनीवर रेघ मारा, कारण खडूची रेघ आमच्या मुलांना दिसेलच असं नाही. डोळे कमजोर असलेल्यांसाठी काळ्या सतरंजीवर पिवळा चेंडू.

एक इशारा. फुगा सगळ्यांना आवडतो, पण जे मूल वस्तू तोंडात घालतं त्याच्या जवळपास उघडा फुगा नको. फुटलेला तुकडा घशात बसला तर जीव जातो. फुगवायचाच तर कापडी पिशवी शिवून तिच्या आत.

आपले खेळ यांना जमतील का? की सगळं इंग्रजी पुस्तकातलंच?

जमतात, आणि घरी जाऊन भावंडांबरोबर खेळायला मिळतात ते हेच.

लगोरीत ठिकऱ्यांऐवजी पावडरचे रिकामे डबे घ्या. पडले की आवाज होतो आणि मुलाला कळतं की हे मी केलं. परत रचणं हा दुसऱ्या मुलाचा खेळ. मामाचं पत्र खेळताना रुमालाऐवजी घुंगरांचा चेंडू वापरा आणि मूल पळू शकत नसेल तर गोलातल्या गोलात चेंडू पुढे सरकवत न्या. शिवणापाणी खेळताना ज्याच्यावर राज्य त्याच्या गळ्यात लाल ओढणी, नाहीतर कुणापासून पळायचं तेच कळत नाही. लंगडी उड्यांपर्यंत येईल तेव्हा येईल, तोवर भिंतीला धरून एक पाय उचलून तीन मोजायचे.

लेझीम माझ्या मनाच्या अगदी जवळची. लहान, हलकी लेझीम घ्या, पट्टीने मनगटाला बांधा, म्हणजे पकड नसलेल्या मुलाच्याही हातून पडत नाही. एक ठोका, मग थांबणं, मग परत ठोका. जी मुलं बोलण्याला दाद देत नाहीत ती ढोलकीच्या ठेक्यावर थांबतात, हे मी दर वर्षी बघते. थांबणं ही आमच्याकडे सगळ्यात अवघड हालचाल आहे आणि ती ठेक्याने शिकवता येते.

माझी मुलगी बसूही शकत नाही. ती काय खेळणार?

खेळणार. लोडावर पोटावर झोपवून हात खाली मोकळे सोडा, समोर परातीत पाणी. हात हलला की पाणी हलतं. खुर्चीत नीट बसवून, पाय टेकवून, मांडीवर पाइपची घसरगुंडी लावा. तिने चेंडूला फक्त नख लावायचं, तो जाऊन डबे पाडतो. अशाच उतरणीवरून चेंडू सोडत खेळला जाणारा बोचा हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, तेव्हा याला कुणी पोरखेळ म्हणू नये.

जपून काय करायचं तेही ऐका. हाताला धरून ओढून उठवू नका, खांदा निखळू शकतो. पाय फाकवायला जोर लावू नका. कधीच न चाललेल्या मुलांची हाडं कमजोर असतात, कपडे बदलतानाही मोडतात. पोटभर जेवणानंतर तासभर पोटावर झोपवू नका.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना उड्या मारू द्याव्या का?

दोन गोष्टी आधी विचारा. हृदयाची तपासणी झाली आहे का? यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. आणि मान? वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही मुलांत सैल असतो. म्हणून कोलांटी, डोक्यावर उभं राहणं आणि ट्रॅम्पोलीन आम्ही करून घेत नाही. योगासनांच्या स्पर्धेच्या हौसेपायी कुणी शीर्षासन शिकवत असेल तर सरळ थांबवा. जमिनीवरच्या साध्या उड्या डॉक्टरांना विचारून चालतात.

मान दुखते म्हणून डोकं एका बाजूला धरणं, नीट चालणारं मूल अचानक अडखळायला लागणं, हातातली पकड सुटणं, शू आवरता येणारं मूल पुन्हा ओलं करायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर खेळ बंद करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फीट येते. मैदानावर आली तर?

फीट येते म्हणून खेळ बंद करायची गरज नसते. उंचीवर चढताना आणि पाण्यात मात्र एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. फीट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि घड्याळ बघा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातांत चमचा घालणं यातलं काहीही करायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा, १०८ वर फोन करा. थांबल्यावर मूल झोपेल, झोपू द्या. त्या दिवशी त्याचा तास संपला.

फिटेच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ टोपिरामेट, घाम कमी येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात अशी मुलं पटकन तापतात आणि तहान लागली हेही सांगू शकत नाहीत. मार्चपासून तास सकाळी आठच्या आत घ्या आणि दर दहा मिनिटांनी पाणी. मूल मागो किंवा न मागो.

मैदानावर नेलं की पळून जातो, नाहीतर कान दाबून बसतो.

मैदान केवढं मोठं असतं! वर्गात भिंती असतात, इथे सगळीकडे आकाश आणि आवाज. आधी व्हरांड्यात घ्या, मग मैदानाचा एक कोपरा दोरीने किंवा टायरांनी आखून. शिट्टी वाजवू नका, त्या एका आवाजाने कित्येकांचा दिवस बिघडतो. प्रार्थनेच्या लाउडस्पीकरजवळ उभं करू नका.

पळणाऱ्या मुलाला पळायलाच द्या, पण एका टोकाला ताई आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेली त्याची आवडती वस्तू, यांच्यामध्ये. पळणं हे त्याचं सगळ्यात चांगलं कौशल्य आहे, तिथूनच शिकवायला सुरुवात करा. कान दाबणाऱ्याला कडेला गोधडीत घट्ट बसू द्या. बघणं हाही पहिला टप्पा असतो, फक्त तो वर्षभर तिथेच राहिला तर चूक आपली. आणि खेळ चुकला म्हणून शिक्षा किंवा जेवण तोडणं, हे कदापि नको.

महिनाभर शिकवलं, दिवाळीच्या सुट्टीत सगळं विसरला.

विसरणार. आपणच वर्षभर सायकल चालवली नाही तर पहिल्या दिवशी डगमगतो. दुसऱ्यांदा शिकायला मात्र बहुधा कमी दिवस लागतात, हे वहीत लिहून ठेवा म्हणजे तुम्हालाच धीर येईल. सुट्टीत घरी एकच खेळ द्या, चार दिलेत तर एकही होत नाही. बऱ्याचदा मूल विसरलेलं नसतं, जागा बदललेली असते. शाळेतल्या निळ्या बादलीत चेंडू टाकणारं मूल घरच्या लाल बादलीकडे बघतही नाही. म्हणून शिकवतानाच बादल्या, जागा आणि माणसं बदलत राहा.

प्रगती मोजायची कशी? हा तर इतरांच्या जवळपासही नाही.

इतरांशी मोजूच नका. आयईपीत, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेल्या शिक्षण आराखड्यात, खेळाचं एक तरी उद्दिष्ट लिहा, आणि ते असं लिहा की उद्या दुसऱ्या बाई आल्या तरी त्यांना मोजता येईल. ‘स्थूल कारक विकास सुधारेल’ हे वाक्य मी शेकडो फाइलींत वाचलं आहे, त्यावरून काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘लोडाला टेकून बसलेली असताना, ढकल म्हटल्यावर १५ सेकंदांच्या आत, हात न धरता, ५ पैकी ३ वेळा चेंडू ताटावर ढकलेल.’ मग वहीत रोज पाच खुणा. मदत कुठली लागली तेही लिहा. सप्टेंबरात कोपराला धरावं लागत होतं आणि जानेवारीत नुसतं बोट दाखवून भागतं, ही मोठी प्रगती आहे, चेंडू तेवढाच लांब जात असला तरी.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत असं एक मूल आहे. त्याला कसं खेळवू? काही झालं तर जबाबदारी कुणाची?

गुरुजी, ही भीती मी समजू शकते. पण एका गावात मी पाहिलेलं सांगते. पीटीचा तास सुरू झाला की सात वर्षांचा एक मुलगा न सांगता पायरीवर जाऊन बसायचा. त्याचं काम ठरलेलं होतं, सगळ्यांची दप्तरं राखायची. कुणी त्याच्याशी वाईट वागत नव्हतं. पण दोन वर्षं त्याने खेळ फक्त पायरीवरून पाहिला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांचं कर्तव्य सांगितलं आहे: भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि इतरांच्या बरोबरीने खेळाची व मनोरंजनाची संधीही द्यायची. म्हणजे त्याला खेळवणं हा तुमचा उपकार नाही, त्याचा हक्क आहे. जबाबदारीची भीती कमी करायची तर पालकांकडून आजार, औषधं आणि काय टाळायचं याची एक पानी नोंद घ्या आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांना एक तास प्रत्यक्ष मैदानावर बोलवा.

सुरुवात सोपी आहे. चाळीस मुलांत त्याला सोडू नका. चार मुलांचा गट करा, रोज त्याच चौघांचा. त्या तिघांना फक्त एवढं शिकवा: चेंडू दिला की थांबायचं. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये कधी घालता येईल?

बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या या खेळांच्या स्पर्धेत आठव्या वर्षापासून. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी त्यांचा ‘यंग अ‍ॅथलीट्स’ हा वेगळा कार्यक्रम आहे, त्यात स्पर्धा नसते, खेळातून मूलभूत हालचाली असतात. भारतात हे काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था बघते. १९६८ साली युनिस केनेडी श्रायव्हर यांनी शिकागोत पहिले खेळ भरवले तिथून ही चळवळ सुरू झाली. मला त्यातली गटवारी फार आवडते. वय, मुलगा-मुलगी आणि क्षमता बघून बरोबरीच्यांत बरोबरीचे लावतात, म्हणजे हळू धावणारा हळू धावणाऱ्यांशीच धावतो.

गॅदरिंगला यांना स्टेजवर न्यावं का?

मुलाला आवडत असेल तर न्या. झगमगते दिवे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मागून हात धरून हलवणारी ताई, अशा नाचात मूल कुठेच नसतं. त्यापेक्षा पालकांना सकाळी मैदानावर बोलवा आणि नेहमीचा तास बघू द्या.

घरात जागा नाही, वेळ नाही. रोज एक काहीतरी सांगा.

दहा बाय दहाच्या खोलीतही हे होतं. संध्याकाळी बाबा कामावरून आले की त्यांनी जमिनीवर बसायचं, पाय पसरून, मूल समोर, दोघांचे तळपाय एकमेकांना टेकलेले. मध्ये एक चेंडू, नसेल तर गुंडाळलेले मोजे. बाबांनी ढकलायचं, ‘दे’ म्हणायचं आणि थांबायचं. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. आलं तर आलं, नाही तर दहा मोजून बाबांनीच चेंडू उचलायचा आणि परत ढकलायचा. पाच वेळा. आजीला खाली बसता येत नसेल तर ती पलंगावरून मोजेल. मोठ्या बहिणीलाही खेळायला घ्या, पण तिच्यावर जबाबदारी म्हणून टाकू नका. ती आठ वर्षांची आहे, तिलाही बाबांबरोबर चेंडू खेळायचा असतो.